पहिलं घर रिकामं

धाकटीला कॉलेजात कॉम्प्युटरच्या शाखेला प्रवेश मिळाला आणि नातेवाइकांत सल्लागारांचं पीक आलं. ज्या काकांनी उभ्या जन्मात कॉम्प्युटरला बोट लावलं नव्हतं, ते काका पाठ ताठ ठेवून कसं बसायचं यावर अर्धा तास बोलून गेले. मावशीने दर तासाला डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारायला सांगितले. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी तर ‘पुढे यंत्रांनाच सगळं येणार आहे, मग तू शिकून काय करणार?’ असं विचारून तिच्या आनंदावर व्यवस्थित विरजण घातलं. धाकटी सगळ्यांना हो-हो म्हणत होती. तिला ऐकायचं होतं ते एकाच माणसाचं, तिच्या दादाचं.

दादा लिफ्टचा मेकॅनिक. पण नऊ वर्षांपूर्वी तो त्याच कॉलेजात, त्याच शाखेत शिकत होता आणि दुसऱ्या वर्षात त्याने कॉलेज सोडलं होतं. घरात याचं कारण एका शब्दात मिटवलेलं होतं: तब्येत. कसली तब्येत, हे कुणी विचारत नसे. विचारलंच तर आई हातातली भांडी जोरजोरात घासायला लागायची. तब्येत म्हणावी तर हा गडी खांद्यावर मोटर घेऊन आठ मजले जिना चढत होता.

धाकटी दहा वर्षांची असल्यापासून दादाने तिला प्रोग्रॅम लिहायला शिकवलं होतं. ते दोघांचं गूळपीठ आईबाबांना कधी कळलंच नाही. त्यांना वाटायचं पोरं खेळतायत. कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत मात्र दादाने एकदम गंभीर होऊन सल्ले द्यायला सुरुवात केली. ‘कंस उघडलास की आधी बंद कर, मग आत लिही.’ ‘चुकलं तर यंत्राला शिव्या देऊ नको, तू शेवटची बदललेली ओळ बघ.’ ‘पहिल्या आठवड्यात ज्याला सगळं येतंय असं वाटेल, त्याच्याशेजारी बसू नको. त्याला काही येत नसतं, आणि तुला उगीच कमीपणा वाटतो.’ यावर दोघं खूप हसले.

‘आणि लिहिलेलं कुणाला देऊ नको,’ तो म्हणाला.

‘दाखवू तरी का?’

‘दाखव. देऊ नको.’ हे सांगताना तो हसत नव्हता. दोन दिवसांनी त्याने हेच पुन्हा सांगितलं आणि तिने का म्हणून विचारल्यावर उठून बाहेर निघून गेला.

दादाची लिहायची एक तऱ्हा होती, ती तिच्या हातातही उतरली होती. प्रोग्रॅममध्ये यादी करायची म्हणजे एका ओळीत घरं बांधायची. यंत्र त्यातल्या पहिल्या घराला शून्य नंबर देतं, एक नाही, आणि झाडून सगळी पुस्तकं शून्यापासून सुरुवात करा असं बजावतात. दादा ते पहिलं घर रिकामं सोडायचा. एक नंबरपासून भरायचा, आणि मोजताना शेवटच्या घरापासून मागे यायचा. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं. लहान मूल चमचा कोणत्या हातात धरायचा हे जसं विचारत नाही, तसंच ते झालं होतं.

कॉलेजच्या तिसऱ्या आठवड्यात लॅबमध्ये पहिला प्रश्न मिळाला. दहा आकडे घ्या आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लावून दाखवा. लॅबचे सर दरवर्षी हाच प्रश्न देतात, असं वरच्या वर्गातली मुलं सांगत होती. नेटवर तयार उत्तरं ढिगाने पडलेली होती. अर्ध्या वर्गाने ती उचलली, नावं बदलली आणि देऊन टाकली. धाकटीने पाऊण तास खपून आपलं स्वतःचं लिहिलं. त्या दिवशी ती इतकी खूश होती की बसस्टॉपपर्यंत जवळजवळ पळतच गेली.

आठ दिवसांनी जिन्याजवळच्या काचेच्या फळ्यात एक कागद लागला. वर लिहिलं होतं, ‘नक्कल आढळलेले विद्यार्थी’. खाली एकच क्रमांक होता, तिचा.

तिने तो तीनदा वाचला. आपला क्रमांक दुसऱ्या कुणाचा असेल, असंसुद्धा तिला क्षणभर वाटून गेलं. कॉलेजने यंदा तपासणीसाठी नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते आत्तापर्यंतच्या सगळ्या बॅचेसच्या जुन्या साठ्याशी प्रत्येकाचं काम ताडून बघत होतं. नुसती नावं बदलली तर ते फसत नव्हतं, ते प्रोग्रॅमची हाडं मोजत होतं. नेटवरची पुस्तकी उत्तरं मात्र वर्षानुवर्षं सगळ्यांचीच सारखी निघायची म्हणून ती ते मोजतच नव्हतं, त्यामुळे खरे चोर सहीसलामत सुटले होते आणि आता धाकटीकडे पाहून हळहळत होते. पहिल्याच सत्रात नक्कल म्हणजे प्रवेश रद्द, हे सगळ्यांकडून पहिल्या दिवशी मोठ्याने वाचून घेतलेलं होतं. दुपारच्या तासाला तिच्या बाकावर कुणी बसलं नाही.

लॅबच्या सरांनी तिला खोलीत बोलावलं. सर तिशीच्या आतलेच, पातळ मिशीचे, नेहमी इस्त्री केलेल्या शर्टात. हातातल्या पेनाचं टोपण काढायचे, लावायचे, पुन्हा काढायचे.

‘एक्क्याण्णव टक्के जुळतंय,’ सर म्हणाले. ‘जुन्या साठ्यातल्या एका प्रोग्रॅमशी. कुणाकडून घेतलंस?’

‘मी लिहिलंय सर.’

‘सगळे हेच म्हणतात. पहिलं घर रिकामं, शेवटाकडून मोजत मागे. असं कोण लिहितं?’

‘माझ्या दादाने शिकवलंय.’

‘काय करतो दादा?’

‘लिफ्टचं काम करतो. आधी याच कॉलेजात होता.’

टकटक थांबली. सरांनी समोरच्या कागदावरचं तिचं आडनाव वाचलं, मग पुन्हा वाचलं. ते उठले आणि ऊन नसतानाही त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता, आणि धाकटीला त्या मऊ आवाजाची आधीच्या आवाजापेक्षा जास्त भीती वाटली.

‘हे बघ, मी तुला एक सल्ला देतो. तू नवीन आहेस, चूक होते. जुन्या मुलाकडून घेतलं, एवढं लिहून या कागदावर सही कर. मी फक्त या एका प्रयोगाचे गुण कापायला सांगतो. नुसती औपचारिकता आहे.’

‘पण मी घेतलं नाही.’

‘शुक्रवारी अकराला समिती बसते. एकदा प्रकरण समितीपुढे गेलं की माझ्या हातात काही राहत नाही. विचार कर. आणि घरी उगाच कुणाला सांगत बसू नको.’

ती तिथून थेट दादाकडेच गेली. तो एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत होता. खोलीत उकाडा, ग्रीसचा वास, आणि मधोमध दोर गुंडाळलेलं मोठं चाक. ते मधूनच गरगर फिरायचं आणि खाडकन थांबायचं. धाकटीने सगळं सांगितलं. दादा पाना चालवत ऐकत होता, ‘हं, हं’ करत होता.

‘तुमचे लॅबचे सर दिसतात कसे?’ त्याने मध्येच विचारलं.

‘पातळ मिशी आहे. पेनाचं टोपण सारखं काढतात, घालतात.’

दादाने पाना खाली ठेवला. हात पुसायला फडकं घेतलं आणि बराच वेळ पुसतच राहिला.

‘तब्येत-बिब्येत काही नव्हती गं माझी,’ तो म्हणाला. ‘मला काढलं होतं. नक्कल केली म्हणून.’

‘तू?’

‘त्या टोपणवाल्याला जमत नव्हतं. दोस्त होता माझा. त्याचे प्रोग्रॅम मी घरी लिहायचो आणि त्याला नेऊन द्यायचो. आधी त्याचं लिहायचं, मग आपलं. त्या दिवशी त्याने वेळेत दिलं, मी तासभर उशिरा दिलं. दोन्ही सारखी निघाली. मग जो उशिरा देतो तो चोर.’

‘आणि तू गप्प बसलास?’

‘तो रडत होता. म्हणाला, माझे वडील मला घरात घेणार नाहीत, तू हुशार आहेस, तुला कुठेही घेतील. मी सही केली. मलाही औपचारिकता आहे असंच सांगितलं होतं.’ दादा हसला. ‘दुसऱ्या कॉलेजात गेलो तर ती सही माझ्याआधी तिथे पोचली होती.’

धाकटीला दादाची कीव आली, आणि त्याच वेळी त्याचा इतका राग आला की ते फडकं त्याच्या हातातून हिसकावून घ्यावं असं वाटलं. नऊ वर्षं हा माणूस मूग गिळून बसला होता. आणि तिला त्याच दारात पाठवताना त्याने सगळं सांगितलं, एवढंच सोडून.

‘मग मी काय करू आता?’

‘सही करू नको,’ तो लगेच म्हणाला. ‘बाकी मला काही सुचत नाही. आणि हे बघ, तिथे माझं नाव काढू नको. बाबांना वाटतं मी आजारी होतो. तसंच राहू दे.’

‘नाव न काढता कसं सिद्ध करू?’

चाक फिरलं, खाडकन थांबलं.

शुक्रवारी अकराला समिती बसली. समिती म्हणजे तीन माणसं: मधे विभागप्रमुख बाई, डावीकडे सतत खोकणारे एक वयस्क प्राध्यापक, उजवीकडे लॅबचे सर. बाईंपुढे दोन प्रोग्रॅम छापून ठेवलेले होते. धाकटीला खुर्ची होती, पण बस असं कुणी म्हणालं नाही, म्हणून ती उभीच राहिली.

‘सही केलेली नाही तू,’ बाई म्हणाल्या.

‘नाही बाई. मी स्वतः लिहिलंय.’

बाईंनी जुना कागद उचलला, वरचा क्रमांक कॉम्प्युटरवर शोधला आणि भुवया उंचावल्या. ‘अहो सर, हा जुना प्रोग्रॅम तर तुमचाच आहे.’

आता सर चपापणार, असं धाकटीला वाटलं. पण ते तयारीने आले होते. ‘हो बाई,’ ते खाली मान घालून म्हणाले. ‘म्हणूनच मी काही बोलत नव्हतो. हिचा भाऊ माझ्या वर्गात होता. माझा हाच प्रोग्रॅम उतरवला म्हणून त्याचा बाद करून त्याला काढलं होतं. त्याची प्रत घरी राहिली असणार, दुसरं काय? पोरीचा दोष कमीच आहे. घरचं वळण.’

धाकटीने दादाचं नाव काढायचं नाही म्हणून जीभ दाताखाली धरून ठेवली होती, आणि या माणसाने ते किती सहज टेबलावर टाकलं होतं. आता ती काहीही बोलली तरी चोराच्या बहिणीचं बोलणं ठरणार होतं. वयस्क प्राध्यापकांनी ‘आठवतंय, आठवतंय’ अशी मान हलवली. बाईंनी पेन उचललं.

‘मला तो जुना कागद एकदा बघू द्या,’ धाकटी म्हणाली. तिला काही सुचलं होतं असं नाही. ज्याच्यापायी हे सगळं चाललं होतं ते निदान डोळ्यांनी बघावं, इतकंच मनात होतं.

तिने कागद हातात घेतला. पहिलं घर रिकामं. मोजणी शेवटापासून. हे माहीतच होतं. मग तिसऱ्या ओळीवर तिची नजर अडली. दहा आकडे घ्यायचे, तर तिथे दहा लिहिलेलं नव्हतं. ‘९ + १’ असं लिहिलेलं होतं. पुढे एका ठिकाणी शून्य हवं होतं, तिथे ‘१ - १’ होतं.

धाकटी हसली. समितीपुढे असं हसणं काही शहाणपणाचं नव्हतं, पण तिला आवरेना, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

‘काय झालं?’ बाईंनी कडक आवाजात विचारलं.

‘बाई, सरांना विचारा ना, दहाऐवजी नऊ अधिक एक का लिहिलंय?’

सरांच्या हातातलं टोपण टकटकलं. ‘तेव्हा तशी सवय होती. वाचणाऱ्याला स्पष्ट व्हावं म्हणून.’

‘आमच्या घरी बाबांनी गोदामातून आणलेला जुना कॉम्प्युटर होता,’ धाकटी म्हणाली. ‘त्याच्या कीबोर्डवर कुणाचा तरी चहा सांडला होता. उजवीकडची आकड्यांची सगळी बटणं मेली होती आणि वरच्या ओळीतलं शून्य उठत नव्हतं. नवा कीबोर्ड आला तेव्हा मी सातवीत होते. तोवर दादाने शून्याशिवायच लिहिलं. दहा लिहायचं तर नऊ अधिक एक. शून्य हवं तर एक वजा एक. पहिलं घरसुद्धा म्हणूनच सोडायचा. त्याला नंबर शून्य, आणि शून्य टाइपच होत नव्हतं. हे मला आत्ता कळतंय बाई, आत्ता या खोलीत. मी समजत होते असंच लिहायचं असतं.’

बाई कॉम्प्युटरकडे वळल्या. त्या वर्षीचा साठा काढला. आधी दादाचं काम उघडलं. एकामागून एक पंधरा-सोळा प्रयोग, आणि एकातही शून्य नाही. मग सरांचं उघडलं. परीक्षेत, कॉलेजच्या यंत्रावर लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये शून्यच शून्य, पुस्तकात असतात तशी. घरून लिहून आणलेल्या एकाही कामात शून्य नव्हतं.

वयस्क प्राध्यापकांनी चष्मा काढला. ‘तेव्हाच्या समितीत मी होतो,’ ते म्हणाले. खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी जाऊ दिली. ‘कागद कुणी वाचलेच नव्हते. आम्ही फक्त टक्के पाहिले होते.’

सरांचा चेहरा पडायला हवा होता, निदान लाल तरी व्हायला हवा होता. तो तसाच राहिला. ते धाकटीकडे पाहत होते, आणि कागदावर पाहावं तसं पाहत होते, ओळीओळीने.

‘तुझ्यावरचं किटाळ गेलं,’ बाई म्हणाल्या. ‘फळ्यावरचा कागद आजच काढतील. बाकीची चौकशी होईल. तुझ्या भावालाही बोलवावं लागेल. त्यानेही दुसऱ्यासाठी लिहून दिलं आणि समितीपुढे खोटी सही केली, हे विसरू नको. वर कळवावं लागेल, मंजुरी लागेल. वेळ लागतो या गोष्टींना.’

‘आणि तोवर लॅब, बाई?’

बाईंनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. ‘माणसं कमी आहेत. लॅब आहे तशीच चालेल.’

ती बाहेर आली. कॉरिडॉरमध्ये नेहमीसारखी गर्दी होती, कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारून अभिनंदन केलं. बातमी तिच्याआधीच बाहेर आलेली होती. जिन्याच्या वळणावर मागून पावलं वाजली आणि लॅबचे सर तिच्या बरोबरीने उतरू लागले. शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती.

‘त्याने तुला आधी सांगितलं होतं माझ्याबद्दल?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘नऊ वर्षांत एकदाही?’

‘नाही.’

त्यांनी मान हलवली, जणू एवढंच विचारायचं होतं. दोन पायऱ्या उतरून ते थांबले. ‘उद्या साडेनऊला लॅब आहे. या वेळी प्रश्न नवा देणार आहे. तू पहिल्या रांगेत बस, माझ्या टेबलासमोर. तुझं लिहिणं मला जवळून बघायचंय.’ हे सगळं त्याच मऊ आवाजात. मग ते खाली निघून गेले.

धाकटी जिन्यातच खाली बसली आणि दादाला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं: नऊ अधिक एक, साठा, चष्मा काढलेले प्राध्यापक. तिला वाटलं होतं तो हसेल, नाहीतर रडेल. पलीकडे त्याने लिफ्ट बंद केली, खडखडाट थांबला.

‘म्हणजे घरी बाबांना कळणार,’ तो म्हणाला.

‘हो. नाव मी नाही काढलं दादा. त्यांनीच काढलं.’

‘असू दे. बाबांशी मी आजच बोलतो. तू आलीस तर बोलता येणार नाही मला, जरा सावकाश ये.’

‘येते.’ ती म्हणाली. ‘पण उद्याचं काय? वर्षभर त्यांच्यापुढे बसायचंय. गुण त्यांच्याच हातात. उद्या त्यांनी अमुक सापडलं म्हटलं तर? तक्रार करू, का गप्प बसू? लॅबला जाऊ तरी का?’

तिने वाट पाहिली. कंस कधी बंद करायचा इथपासून कुणाशेजारी बसायचं इथपर्यंत, या माणसाकडे प्रत्येक गोष्टीवर काही ना काही सांगायला असायचं.

‘मला नाही माहीत गं,’ दादा म्हणाला. ‘मी सही करून मोकळा झालो होतो. याच्या पुढे काय असतं, ते मी कधी पाहिलंच नाही.’